भासरे आता खाकरत नाही

पाहुणे यायचे म्हटलं की शामलाचं डोकं फिरायचं. घरचे पाहुणे नव्हेत, संस्थेचे. नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावापासून चार गल्ल्या आत, एका गादीवाल्याच्या दुकानावर ‘सोबत’चं ऑफिस होतं. दोन खोल्या, एक गॅलरी आणि खालून वर येणारी कापसाची धूळ. ज्या बायका-मुलींवर लैंगिक अत्याचार झालाय त्यांचं ऐकायचं, त्यांना डॉक्टर, वकील, पोलीस यांच्यापर्यंत सोबत करायची, हे तिथलं काम. शामला एकोणीस वर्षं ते करत होती. इतकी वर्षं दुसऱ्याचं दुःख ऐकलं की माणूस एक तर मऊ होतो, नाही तर तिरसट. शामला तिरसट झाली होती आणि तिला ते कबूल होतं.

गुरुवारी मदत देणाऱ्या ट्रस्टची माणसं येणार होती. ‘सोबत’ची वेबसाइट सुरू होऊन चार महिने झाले होते, ती कशी चालते ते त्यांना पाहायचं होतं. ही वेबसाइट म्हणजे शामलाचाच हट्ट. पूर्वी नुसता फोन होता. फोनवर बोलायचं तर बाईला घरात एकांत लागतो, आणि तो मिळत असता तर बाई आमच्यापर्यंत आलीच कशाला असती, असं शामला म्हणायची. लिहायला मात्र दोन मिनिटं पुरतात, फोन कुणाचाही चालतो. कॉम्प्युटरचं काम पाहणाऱ्या सुशीलला तिनं तीन अटी घातल्या होत्या. कुणाचा नंबर मागायचा नाही. पान वरून पाहिलं तर साधं आरोग्य-सल्ल्याचं दिसलं पाहिजे. आणि बाईनं पान मिटलं की तिथं लिहिलेलं तिच्या फोनवरून पुसून गेलं पाहिजे.

“फोन बाईचा नसतो गा सुशील,” ती म्हणाली होती, “घराचा असतो.”

सुशील तिशीचा, मन लावून काम करणारा. त्यानं तिन्ही अटी पाळल्या. पण पहिल्याच महिन्यात मेसेजांचा असा पूर आला की भीक नको पण कुत्रं आवर. शंभरातले साठ टवाळ पुरुषांचे, घाणेरडे. उरलेल्यांत कुणी गुडघेदुखीचं विचारतंय, कुणी बाळाच्या लसीचं, कारण पान आरोग्य-सल्ल्याचं दिसत होतं ना. ज्यांना खरोखर सोबत हवी होती त्या बायका या गर्दीत हरवायला लागल्या. मग सुशीलनं यंत्राकडून निवड करून घ्यायचं ठरवलं. मेसेजात अमुक शब्द असले की तो तातडीचा, थेट शामलाच्या पुढ्यात. तमुक शब्द असले की आरोग्याचा, त्याला यंत्रच ठरलेलं उत्तर देणार.

शब्द कोणी द्यायचे? शामलानं. दोन दुपारी ती सुशीलजवळ बसली होती. जबरदस्ती, हात लावला, अंगावर आला, दार लावून घेतलं, कुणाला सांगू नको म्हणाला. बायका ज्या ज्या आडवळणांनी सांगतात ती सगळी तिला तोंडपाठ होती आणि त्याचा तिला चांगलाच अभिमान होता. शेवटी सुशीलनं विचारलं, “अन् आरोग्यात काय टाकू ताई?” शामला चहात बिस्कीट बुडवत होती. वर न बघता तिनं सांगितलं, “टाक नं, ताप, खोकला, खाकरणं, कंबरदुखी, जे असते ते.”

सुशीलनं टाकलं.

मंगळवारी दुपारी पाहुण्यांना दाखवायला एखादं चांगलं उदाहरण हवं म्हणून दोघं यादी चाळत बसले होते. सुशील खुशीत होता.

“ताई, हे पाहा, काटोलची एक बाई. तीन वेळा आली, अन् शेवटी पाच तारे देऊन गेली. समाधानी लोकायमध्ये एक नंबर.”

कुठलं केंद्र जवळ पडेल ते कळावं म्हणून पान तेवढा तालुका विचारायचं. बाईनं काटोल निवडलं होतं. शामला काटोलजवळच्याच एका खेड्यातली, त्यामुळं नाव ऐकून तिला बरं वाटलं. “वाच,” ती म्हणाली.

सुशीलनं पहिला मेसेज वाचला. दीड महिन्यापूर्वीचा, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आलेला. “नमस्कार ताई. आमचे भासरे आता खाकरत नाही. काय करू. फोन ठेवते.”

खाली यंत्राचं उत्तर होतं. कोमट पाण्यानं गुळण्या करा, वाफ घ्या, दोन आठवड्यांहून जास्त त्रास असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा.

“पुढचा वाचू?” सुशील म्हणाला आणि मग त्याचं शामलाकडं लक्ष गेलं. “काय झालं ताई?”

शामला स्क्रीनवरचा तो मेसेज पुन्हा वाचत होती. काय झालं ते त्याला कळणार नव्हतं. तो नागपुरात वाढला, फ्लॅटमध्ये, बेल असलेल्या घरात.

शामलाच्या लहानपणच्या घराला बेल नव्हती आणि आतल्या खोल्यांना दारंही नव्हती. तिची आई पार्वतीबाई चुलीपुढं बसलेली असायची आणि अंगणातून खाकरण्याचा आवाज यायचा. आवाज आला की आई हातातलं टाकून उठायची, पदर डोक्यावरून पुढं ओढायची, भिंतीकडं तोंड करायची. मग मोठे बाबा, म्हणजे शामलाचे थोरले काका, आत यायचे, काय हवं ते घ्यायचे आणि खाली मान घालून निघून जायचे. मोठे बाबा आईचे भासरे. नवऱ्याच्या थोरल्या भावानं भावसुनेच्या अंगावर सावली पडू द्यायची नाही आणि न खाकरता घरात पाऊल टाकायचं नाही, अशी रीत. आई आयुष्यात त्यांच्याशी चार शब्द बोलली नव्हती, त्यांचं नावही घेत नव्हती. सहा वर्षांच्या शामलाला वाटायचं, मोठ्या बाबांना बिचाऱ्यांना बारमाही खोकला आहे. एक दिवस तिनं त्यांना तुळशीची पानं खुडून नेऊन दिली. म्हातारा पोट धरून हसला होता. “हा खोकला नोहे वं पोरी, हे कडी वाजवनं होय,” तो म्हणाला होता.

म्हणजे सहाव्या वर्षी जे कळलं होतं ते पंचेचाळिसाव्या वर्षी ती विसरली होती. सगळ्या विदर्भातल्या बायकांचे शब्द गोळा केले आणि आपल्या आईच्या स्वयंपाकघरातला एक तेवढा राहिला. राहिला कसला, तिनं स्वतःच्या तोंडानं तो चुकीच्या पेटीत टाकायला सांगितला होता.

“पुढचा वाच,” ती म्हणाली.

दुसरा मेसेज नऊ दिवसांनंतरचा, तसाच दुपारी एकच्या सुमाराचा. “ताई ते औषध नाही पाहिजे. भासरे खाकरत नाही तसेच आत येते. सासूबाईले सांगतलं. त्या म्हनते घरातलाच मानूस हाये, खाकराले पाहुना हाये का. आमचे हे चाकणले कंपनीत हाये, दिवाळीले येते. हे लोक बागेत गेले की फोन चार्जिंगले घरी राहते, तवा लिहिते. फोन ठेवते.”

उत्तर: कोमट पाण्यानं गुळण्या करा.

तिसरा बावीस दिवसांपूर्वीचा. सुशीलनं तो मनातल्या मनात वाचला आणि स्क्रीन शामलाकडं वळवली.

“ताई मी न्हाणीत असली तरी खाकरत नाही. आता काही बाकी नाही राहिलं. मी दोनदा लिहिलं तं दोन्ही खेप तेच औषध आलं. तुमच्याकडे कोनी मानूस आहे का. असन तं बोला. फोन ठेवते.”

उत्तर: वाफ घ्या. काळजी घ्या. आणि त्याखाली, आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, कृपया तारे द्या. तिनं पाचच्या पाच दिले होते. आपल्याकडच्या बायका उपाशी उठल्या तरी स्वयंपाक छान झाला होता म्हणतात. किंवा कदाचित तिला वाटलं असेल, तारे दाबले की आतून माणूस येईल.

“मले माहीतच नव्हतं ताई,” सुशील म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “भासरा म्हणजे काय तेच मले माहीत नव्हतं.”

“मले माहीत होतं,” शामला म्हणाली.

ती गॅलरीत गेली आणि तिनं आईला फोन लावला. कशासाठी लावला ते तिलाही सांगता आलं नसतं. आता कुणीतरी आपल्याला चांगलं झाडावं असं वाटत होतं. पार्वतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“भासरा खाकरत नसन तं कुंपनच शेत खाऊन राहिलं म्हन,” त्या म्हणाल्या. “त्या बाईनं तुले याहून उघडं कसं सांगाव वं? आमी तं एवढं बी नसतं बोललो.”

शामला परत आली तेव्हा सुशील डोकं धरून बसला होता. बाईचा नंबर नव्हता, नाव नव्हतं, गाव नव्हतं. शामलाच्याच अटी. त्यानं त्या इतक्या चोख पाळल्या होत्या की आता ती बाई जगातून पुसल्यासारखी झाली होती. पोलिसांना काय सांगायचं? काटोल तालुक्यातलं एक घर शोधा, जिथं कुणी खाकरत नाही?

एकच वाट उरली होती. उत्तर आलं की कळवा, असं एक बटण पानावर होतं आणि बाईनं ते दाबून ठेवलं होतं. म्हणजे इथून लिहिलं तर त्या फोनवर सूचना जाणार होती; तिन्ही मेसेज एकीचेच हेही यंत्राला त्यावरूनच कळलं होतं. जुनं लिहिलेलं पुसलेलंच होतं, नवं उत्तर तेवढं दिसलं असतं.

“पण ताई, दुसऱ्या कोणी उघडलं तर?”

“म्हणून तर खोकल्याचंच लिहिते,” शामला म्हणाली. एकेक शब्द तोलून तिनं लिहिलं. “नमस्कार. तुम्ही खोकल्याबद्दल विचारलं होतं. आधीचं औषध चुकीचं होतं, माफ करा. आता आमच्याकडे माणूस आहे. सवड होईल तेव्हा कळवा. शामलाताई.” कुणा तिसऱ्यानं वाचलं तर औषधाची जाहिरात वाटेल आणि तिनं वाचलं तर तिला कळेल. शामलानं ते चार वेळा वाचलं, सुशीलकडून वाचून घेतलं आणि मग पाठवलं. त्या क्षणी तिला वाटलं की आपण फार हुशारीनं काम केलं.

मंगळवार गेला, बुधवारही गेला. दुपारी एक ते दीड शामला जागची हलत नव्हती. सुशीलनं ‘खाकर’ हा शब्द तातडीच्या पेटीत टाकला होता, त्यामुळं बुधवारी नागपुरातल्याच कुण्या आजीबाईंचा खराखुरा कफ तिच्या पुढ्यात आला. शामलानं त्यांना अर्धा तास उत्तरं दिली. कुणीतरी खाकरत होतं याचंच तिला बरं वाटलं.

गुरुवारी पाहुणे आले. शामलानं तिन्ही मेसेज मोठ्यानं वाचून दाखवले, पाच ताऱ्यांसकट. शब्द आपणच दिला होता हेही सांगितलं. तिला वाटलं, आता हे लोक उठून जातील, निदान रागावतील. एक बाई हळहळल्या. दुसरे गृहस्थ वहीत लिहीत म्हणाले, “फार महत्त्वाचं निरीक्षण आहे हे. अहवालात अवश्य घ्या.” शामलाला वाटलं, खालच्या गादीवाल्याचा दांडा आणावा आणि आधी स्वतःच्या डोक्यात घालावा.

शुक्रवारी ती काटोलची एसटी धरून निघाली. कुठं जायचं ते ठाऊक नव्हतं, पण बसवतही नव्हतं. काटोलला तिच्या ओळखीची गोपिका होती, आशा वर्कर, पंधरा वर्षं घरोघर फिरणारी. स्टँडवर तीच घ्यायला आली होती. संत्र्याच्या गाड्यांनी रस्ता भरला होता. गोपिकानं वाटेतच सगळं ऐकून घेतलं.

“ताई, भासरा-भावसून एका घरात राहाते अशी घरं या तालुक्यात किती हाये, माहीत हाये का?” ती म्हणाली. “अन् दर दुसऱ्या घरचा कोनीतरी पुन्याकडे कामाले हाये. मी जाईन, माह्यं कामच हाये जायाचं. पन इचारू काय? ‘बाई, तुहे भासरे खाकरते का?’ असं इचारलं तं दिवस बुडाच्या आत गावभर होईन. मंग ज्या बाईनं खरं सांगतलं तिचं काय?”

तरी दोघी हिंडल्या. बागांच्या कडेच्या एका वस्तीत गोपिकानं लेकरांच्या लसींची वही उघडली आणि दारोदार उभी राहिली. शामला मागं. दारात डोक्यावर पदर घेतलेल्या बायका येत होत्या, हसत होत्या, पाणी विचारत होत्या. शामला एकेकीच्या तोंडाकडं बघत राहिली. दोन घरी कुणी पुरुष बाहेरून खाकरला आणि बाई लगबगीनं आत सरकली. ती दोन घरं तिनं मनातल्या मनात सोडून दिली. बाकीची घरं नुसती गप्प होती. गप्प घरावरून काय ओळखायचं? पुरुष बागेत गेले असतील, नाही तर आत निजले असतील, नाही तर... एका दारातली काळीसावळी तरुण बाई जरा जास्त वेळ आपल्याकडं बघत राहिली, असं शामलाला वाटलं. मग तिच्या शेजारणीबद्दलही तसंच वाटलं. शेवटी गोपिकानं तिच्या दंडाला धरलं. “चाला ताई. तुमी अशा पाहून राहिल्या तं लोकायले शंका येईन.”

गोपिकाच्या घरी चहा ठेवला तेव्हा दीड वाजायला आला होता. शामलानं ऑफिसचा फोन समोर पालथा ठेवला होता. तो थरथरला. तिनं उलटा केला. सूचना होती, काटोलच्या बाईकडून उत्तर.

“आलं,” ती ओरडलीच. “गोपिका, तिचं आलं वं! तिच्याच वेळेले आलं!” चार दिवसांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास आला. चहा उतू गेला तरी गोपिका धावत आली. दोघींनी मिळून उघडलं.

“इथं कोनाले खोकला नाही. कोनं इचारलं होतं?”

नमस्कार नव्हता. ताई नव्हतं. फोन ठेवते नव्हतं.

शामलानं ते पुन्हा वाचलं. एवढ्यात खाली दुसरा उमटला. “नाव सांगा तिचं.”

‘तिचं’ या शब्दावर शामलाची नजर अडली. बाईनं विचारलं होतं हे त्या भासऱ्याला कळलं होतं, किंवा तो अंदाज घेत होता. घरात बायका असणार तरी किती? आता या घटकेला तो फोन हातात घेऊन त्या घरात उभा होता, आणि ती त्याच घरात कुठंतरी होती, आणि त्याच्या हातात ही खोकल्याची पुडी शामलानं नेऊन दिली होती. गप्प राहावं तर त्याचा संशय पक्का होणार. काही विचारावं तर आणखी पक्का. इथून त्या बाईसाठी एकच गोष्ट करता येत होती आणि शामलानं ती केली.

“माफ करा,” तिनं लिहिलं. “चुकीच्या ठिकाणी मेसेज गेला. तुमच्या घरून कुणीही काही विचारलेलं नाही. पुन्हा येणार नाही.”

मग सुशीलनं शिकवलं होतं तसं, यापुढं त्या फोनवर इथलं काहीच जाऊ नये म्हणून, तिनं ते संभाषण बंद करायचं बटण दाबलं. खात्री आहे का, असं यंत्रानं विचारलं. शामलानं हो दाबलं. काटोलच्या बाईपुढं हिरवी खूण आली आणि शेजारी अक्षरं उमटली: प्रश्न सुटला.

आता तिनं कधी लिहिलंच तर नवी म्हणून लिहावं लागणार होतं. पण ती कशाला लिहील? ज्या दारानं तीनदा वाफ घ्या म्हणून सांगितलं आणि चौथ्यांदा त्यालाच बोलावून घेतलं, त्या दारात कोण येतं? शामला रडायला लागली. एकोणीस वर्षांत ती कुणाच्या घरी अशी रडली नव्हती.

“तिनं नव्हतं लिहिलं का वं?” गोपिकानं हळूच विचारलं.

“नाही,” शामला म्हणाली. “त्यानं.”

गोपिका काही बोलणार तोच बाहेर अंगणात कुणीतरी खाकरलं. गोपिका लगेच उठली. “आमचे भासरे होय,” ती कुजबुजली, “फवारनीचा पंप घ्याले आले असन.” तिनं चहाचं भांडं खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि पदर शोधायला लागली. तो पाठीमागं पाटाखाली अडकला होता, निघता निघेना. बाहेर माणूस पुन्हा एकदा खाकरला. आणि गोपिका पदर सोडवून, डोक्यावर घेऊन, भिंतीकडं तोंड करून उभी राहीपर्यंत तो बाहेर उन्हातच थांबला.